बोनेट उघडण्याआधी आरसी उघडा: पुण्यात सरकारी लिलावातून गाडी घेताना

"सरकारी गाड्या मातीमोल भावाने मिळतात म्हणे," असं विचारत वर्षातून चार-पाच जण तरी माझ्याकडे येतात. त्याला कारण आमच्या दारात उभी असलेली बोलेरो. ती मी एका सरकारी कार्यालयाच्या लिलावातून घेतली हे खरं, भाव बरा लागला हेही खरं. पण पैसे भरल्यापासून गाडी नावावर व्हायला सात महिने गेले. त्या सात महिन्यांत इंजिनाने काही त्रास दिला नाही, त्रास दिला आरसीवरच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरच्या, एका ओळीने. मालक म्हणून ज्या उपविभागाचं नाव तिथे होतं, तो उपविभाग मधल्या काळात दुसऱ्या कार्यालयात विलीन झालेला. विकणारा एक, कागदावरचा मालक दुसरा, आणि तो दुसरा आता अस्तित्वातच नाही. आरटीओच्या खिडकीवर विचारलं, "विकणारा नक्की कोण?" आणि मी गप्प.

त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यात गाडीपेक्षा कागद जास्त आहेत. पहिल्यांदाच लिलावाला जाणाऱ्याने ते याच क्रमाने वाचावं.

पहिलं काम: हा लिलाव कसला आहे ते ओळखा

सरसकट "सरकारी लिलाव" म्हणतो आपण, पण त्यात निदान चार वेगळे प्रकार आहेत आणि चारांचे कागद वेगळे निघतात.

आपल्या कामाचा प्रकार म्हणजे निर्लेखित वाहनांचा. कार्यालयाच्या गाडीची ठरलेली वर्षं आणि ठरलेले किलोमीटर झाले, दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झाला, की समिती ती तपासते आणि निर्लेखनाचा आदेश निघतो. मग गाडी लिलावात येते. पुण्यात अशी कार्यालयं काही कमी नाहीत. जिल्हा परिषद, महापालिका, पाटबंधारे, सार्वजनिक बांधकाम, विद्यापीठ, तिन्ही कॅन्टोन्मेंट बोर्डं, पाषाण रस्त्यावरच्या केंद्रीय प्रयोगशाळा, खडकवासल्याचं जल व विद्युत संशोधन केंद्र. माझा अनुभव असा, की संस्थेची किंवा प्रयोगशाळेची स्टाफ कार तुलनेने कमी पळालेली आणि एकाच ड्रायव्हरच्या हातातली असते. पाण्याचा टँकर, कचऱ्याची गाडी, ड्रेनेजची गाडी यांच्या वाटेला नवख्याने जाऊ नये, त्यांचा पत्रा आतून गेलेला असतो.

दुसरा प्रकार पोलीस ठाण्यांच्या आवारात गंजत पडलेल्या बेवारस आणि जप्त दुचाकी-चारचाकींचा. हा बहुतेक वेळा भंगाराचा लिलाव असतो. ढिगाने विक्री होते, घेणारे भंगारवाले असतात, आणि विक्रीच्या कागदावरच 'भंगार' असं लिहिलेलं असतं. त्यातली एखादी ॲक्टिव्हा चकाचक दिसली तरी ती रस्त्यावर आणायचं स्वप्न बघू नका. तिसरा प्रकार, कर थकवल्यामुळे आरटीओने अटकावून ठेवलेली वाहनं. यात रिक्षा, टेम्पो, बस जास्त. चौथा लष्करी वाहनांचा. खडकीचा डेपो जवळ असल्यामुळे पुण्यात मारुती जिप्सीचं वेड मोठं आहे. पण लष्करी गाडीला बाण असलेला सैनिकी क्रमांक असतो, तिची नोंद आपल्या आरटीओत नसते, आणि मुलकी नोंदणी शून्यापासून करावी लागते. पहिल्या खरेदीसाठी हे नको.

दुसरं काम: नोंदणीची तारीख

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा.

केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये अधिसूचना काढली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. तिच्यानुसार केंद्र, राज्य, महापालिका, परिवहन महामंडळं, सार्वजनिक उपक्रम, स्वायत्त संस्था यांच्या मालकीच्या गाडीला १५ वर्षं झाली, की तिच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. लष्करी मोहिमा आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीची खास वाहनं तेवढी यातून वगळली आहेत. १५ वर्षं झालेली सरकारी गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच जाते. तुमच्या-माझ्या घरी नाही.

आपली खासगी गाडी १५ वर्षांची झाली तर तपासणी करून, फी भरून पाच वर्षांची मुदत वाढवून मिळते. कारसाठी ही फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली, वर पर्यावरण कर. सरकारी मालकीत असताना मात्र ही सोय नाही. म्हणजे एकच मॉडेल, एकच वर्ष, शेजारी शेजारी उभ्या दोन गाड्या. तुमच्या नावावरची आणखी पाच वर्षं चालेल आणि कार्यालयाच्या नावावरची लोखंड ठरेल.

आता यातली खरी मेख. गाडीची नोंदणी मार्च २०१३ ची असेल तर मार्च २०२८ ला १५ वर्षं भरतात. लिलाव डिसेंबर २०२७ मध्ये झाला, तुम्ही जिंकलात, पण मंजुरीला एक महिना, पैसे-ताबा यांत एक महिना, कागदातली चूक निस्तरण्यात एक महिना गेला, आणि त्या तारखेला गाडी अजून कार्यालयाच्याच नावावर असली, तर? म्हणून माझा नियम असा: लिलावाच्या दिवशी १५ वर्षांना निदान दीड वर्ष बाकी हवं. त्याहून कमी असेल तर भाव कितीही मोहात पाडणारा असो, हात मागे.

तारीख बघायची कुठे? जाहिरातीतल्या 'मॉडेल २०१४' वर विसंबू नका; गाडी क्रमांक एमपरिवहन ॲपमध्ये टाका. नोंदणी दिनांक, इंधन, प्रदूषण मानक, फिटनेसची मुदत, विमा असेल तर त्याची मुदत, सगळं दिसतं. प्रलंबित ई-चलनंही तिथेच तपासा. सरकारी गाडी असली तरी सिग्नलवरचा कॅमेरा तिला ओळखत नाही.

जाता जाता, जुन्या अॅम्बॅसडरच्या शोधात असलेल्यांसाठी. तिचा पश्चिम बंगालमधला उत्तरपाऱ्याचा कारखाना मे २०१४ मध्ये बंद पडला. म्हणजे सरकारी अॅम्बॅसडर लिलावातून रीतसर आपल्या नावावर करून घ्यायचा काळ २०२९ पर्यंत संपलेला असेल. आत्ताच फारच थोड्या दिसतात.

तिसरं काम: लिलाव शोधणं

पेपरातल्या जाहीर सूचना अजूनही उपयोगी आहेत. सकाळ, लोकमत, पुढारीच्या आतल्या पानांवर 'निर्लेखित वाहनांचा जाहीर लिलाव' अशा चौकटी येतात. छोट्या कार्यालयांचे लिलाव तिथे आणि त्यांच्या सूचना फलकावरच कळतात. मोठा व्यवहार आता ऑनलाइन झालाय. पोलाद मंत्रालयाच्या अखत्यारीतली एमएसटीसी ही १९६४ सालची सरकारी कंपनी तिच्या संकेतस्थळावर लिलाव चालवते, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर फॉरवर्ड ऑक्शन (म्हणजे चढत्या बोलीने विक्री) असतात, शिवाय केंद्राचं ई-लिलाव पोर्टल आहे. तिन्हीकडे आधी नोंदणी लागते. पॅन, आधार, बँक खातं, रद्द केलेला चेक हाताशी ठेवा. काही लिलावांना डिजिटल स्वाक्षरीही लागते. ती आयत्या वेळी मिळत नाही. नोंदणी मंजूर व्हायला दिवस लागतात, तेव्हा गाडी आवडल्यावर नोंदणी करू असं म्हणत बसू नका.

यादीत 'फक्त नोंदणीकृत स्क्रॅपरसाठी' अशी अट दिसली की पान उलटा. ती बहुधा १५ वर्षांवरची गाडी आहे.

आणि नोंदणी ज्याच्या नावावर, बोली त्याच्या नावावर, विक्रीपत्र त्याच्या नावावर, आरसीही त्याच्याच नावावर. मेव्हण्याचं खातं तयार आहे म्हणून त्याच्यावरून बोली लावली, तर गाडी मेव्हण्याची होते. पुढे परत त्याच्याकडून तुमच्याकडे हस्तांतर, परत फी.

फसवणुकीचं एक सांगतो. "सैन्यातला अधिकारी आहे, बदली झालीय, गाडी स्वस्तात देतो" किंवा "लिलावात आतून सेटिंग करून देतो, बयाणा माझ्या नंबरवर टाका" असे मेसेज येतातच. बयाणा रक्कम कधीही कुणा माणसाच्या मोबाइल नंबरवर जात नसते. ती पोर्टलच्या खात्यात किंवा कार्यालयाच्या नावाच्या धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) जाते, बस.

चौथं काम: अटी आणि त्यातली भाषा

अटींचं पत्रक बारा-पंधरा पानांचं असतं आणि लोक ते शेवटच्या पानावर सही करण्यापुरतं उघडतात. हे चार शब्द तरी नीट समजून घ्या.

'जसे आहे जेथे आहे' म्हणजे गाडीचं इंजिन जाम निघालं, आत उंदराने घर केलं असलं, तरी नंतर तक्रार नाही. ग्राहक म्हणून भांडायची सोय इथे नाही.

'हातची किंमत' म्हणजे ज्याच्या खाली विकायचं नाही असा कार्यालयाने ठरवलेला आकडा. कधी जाहीर असतो, कधी बंद लिफाफ्यात.

'बयाणा' बोलीआधी भरावा लागतो, हरलात तर परत मिळतो. जिंकून माघार घेतलीत तर जप्त. केंद्राच्या कार्यालयांना २०१७ चे सामान्य वित्तीय नियम लागू असतात आणि त्यात प्रत्यक्ष जमवून केलेल्या लिलावात बोली मान्य झाल्याबरोबर किमान २५ टक्के रक्कम जागेवर घ्यावी असं आहे. तेव्हा खिशात काहीच न घेता 'बघून तर येऊ' म्हणून जाऊन भावनेच्या भरात हात वर करू नका.

'मान्यतेच्या अधीन' ही सगळ्यात दमवणारी अट. तुमची बोली सर्वांत मोठी ठरली तरी वरून मंजुरी येईपर्यंत गाडी तुमची नाही, बयाणा मात्र अडकलेला. वर जे १५ वर्षांचं गणित मांडलं, त्यात हे आठवडे धरावे लागतात.

यांखेरीज दोन गोष्टींवर पेन्सिलने खूण करा. जीएसटी आणि टीसीएस (विकणारा विक्रीच्या वेळीच गोळा करतो तो आयकर) बोलीत धरलेत की वेगळे, आणि गाडी किती दिवसांत उचलायची. मुदत उलटली तर जागेचं भाडं दर दिवसाला चढतं.

पाचवं काम: गाडी बघायला जाणं

अटीत पाहणीचे दिवस दिलेले असतात. मिस्त्रीला घेऊन जा, त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी द्या, त्यात कंजुषी नको. सोबत टॉर्च, लोहचुंबक, फडकं, खाली झोपायला पोतं, पेन्सिल, कोरा कागद.

माझी बोलेरो एका आवारात जांभळाच्या झाडाखाली उभी होती. बॉनेटवर जांभळांचे डाग, डाव्या आरशात गांधीलमाशीचं घरटं, चारपैकी तीन चाकं बसलेली. भांडाराचे लिपिक किल्ली घेऊन आले आणि पहिलंच वाक्य, "चालू होणार नाही, बॅटरी काढून ठेवलीय." मी म्हटलं, "आम्ही आमची बॅटरी आणलीय, लावून बघू?" ते म्हणाले, "बघायचं आहे ते बघा. चालू करून बघायचं अटीत नाही." माणूस वाईट नव्हता. त्याची सही आणि जबाबदारी एवढ्याच कागदावर होती.

चालू न करता काय बघता येतं? बरंच. आमच्या मिस्त्रीने आधी डिपस्टिक ओढली. तेल काळं असेल तर हरकत नाही, दुधाच्या चहासारखं दिसलं तर हेड गॅस्केट गेलेलं समजा. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का पाहिलं. मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून त्याने इंजिन हाताने फिरवलं. ते फिरतं आणि फिरताना जोर मागतं, म्हणजे जाम नाही, कॉम्प्रेशनही आहे. हे एवढं कळलं तरी निम्मी भीती जाते. वर्षभर उभ्या असलेल्या डिझेल गाडीत पंप, इंजेक्टर, ब्रेकचे सिलिंडर आणि वायरिंग यांच्यावर खर्च होणार हे धरूनच चाला. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसलेली असणंही नेहमीचं.

खाली झोपून चेसी बघा. मुळशी-भोरच्या पावसात काम केलेली गाडी आणि कॅम्पातल्या कार्यालयात साहेबांना ने-आण करणारी गाडी यांत खालून जमीन-अस्मानाचा फरक असतो. पायाखालचं मॅट उचला, चुंबक फिरवा. पुट्टीवर तो चिकटत नाही.

आता लॉगबुक. सरकारी गाडीची ही एक सोय खासगी गाडीला नाही. कार्यालयाला विनंती केली तर बहुतेक ठिकाणी लॉगबुक आणि दुरुस्तीची नोंदवही बघू देतात. माझ्या गाडीच्या वहीत ड्रायव्हरच्या तिरप्या अक्षरात एका महिन्यात तीनदा 'दुसरा गिअर कडक' लिहिलेलं होतं, चौथ्यांदा फक्त 'वरीलप्रमाणे'. त्याच्यापुढे एका पानापासून 'मीटर बंद' आणि मग रोजचे चाळीस-चाळीस किलोमीटर, रविवार सोडून, सलग आठ महिने. म्हणजे डॅशबोर्डवरचा आकडा विसरायचा आणि वहीतला धरायचा. गिअरबॉक्सचं काम निघणार हेही तिथेच कळलं, आणि ते बोलीतून वजा केलं.

चेसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक आरसीवरच्या क्रमांकाशी अक्षर-अक्षर जुळवा. चेसीवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या, आरटीओत तो लागतोच. एखादं अक्षर गंजून गेलं असेल तर आत्ताच कळू दे. इंजिन बदललं असेल आणि आरसीवर नोंद नसेल, तर ती गाडी सोडा.

फोटो काढा, भरपूर. स्टेपनी, जॅक, अल्टरनेटर, स्टार्टर, दिवे, टेप. उभ्या गाडीच्या पार्टना पाय फुटतात. ताबा घेताना एखादी वस्तू गायब असेल तर पाहणीच्या दिवशीचा फोटो हाच तुमचा साक्षीदार, आणि तोही ताबा-पावतीवर सही करण्याआधीच उपयोगाचा.

मग कार्यालयात जाऊन, गोड बोलून, हे चार प्रश्न विचारा. मूळ आरसी आहे का? आरसीवरचं नाव आणि विकणाऱ्या कार्यालयाचं नाव एकच आहे का? नसेल तर विलीनीकरणाचा किंवा हस्तांतराचा आदेश मिळेल का? लिलावाला परवानगी देणाऱ्या आदेशाची साक्षांकित प्रत देणार का? आरसी हरवलेली असेल तर दुय्यम प्रतीसाठी अर्ज नोंदणीकृत मालकाने, म्हणजे कार्यालयानेच करायचा असतो. तुम्ही नाही. "गाडी उचला, मग बघू" हे उत्तर आलं तर ते नकार म्हणूनच घ्या. मी तसं घेतलं नव्हतं.

आरसीवरचा वाहनाचा प्रकारही वाचा. हल्ली जुनी अॅम्ब्युलन्स घेऊन कॅम्पिंगची गाडी करायची हौस आलीय. अॅम्ब्युलन्स म्हणून नोंदलेली गाडी घरगुती वापरासाठी बदलायची तर आरटीओची आधी परवानगी लागते. तिचा खर्च आणि वेळ वेगळा.

सहावं काम: आकडा ठरवणं

लिलावात तुमच्या शेजारी भंगाराचे व्यापारी बसलेले असतात, ऑनलाइन असलं तरी. त्यांचा हिशेब सरळ आहे. बोलेरो साधारण दीड टनाच्या वर भरते. लोखंडाचा दर, त्यात इंजिन, गिअरबॉक्स, दारं, काचा सुट्या विकून येणारे पैसे, वजा वाहतूक. तिथे ते थांबतात. त्यांच्या वर तुम्ही जेवढे देता, ते सगळे आरसीचे पैसे. आरसी नावावर होणारी असेल तरच ते द्यायचे, नाहीतर तुम्ही भंगारवाल्यापेक्षा महाग भंगार घेतलंत.

माझी पद्धत अशी. त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या चालत्या गाडीचा बाजारभाव काढायचा आणि त्यातून मागे मागे यायचं. समजा बोली १,६०,००० रुपयांवर थांबली आणि अटीत १८ टक्के जीएसटी वेगळा असेल, तर २८,८०० तिथेच वाढले. पाच टायर आणि बॅटरीचे ४०,००० धरा. क्लच, ब्रेक, पंप, वायरिंगला ३०,०००. क्रेन, विमा, आरटीओची फी आणि कर यांसाठी आणखी ३०,०००. झाले २,८८,८००. बाजारात तशीच चालती गाडी तीन लाखांना मिळत असेल, तर मग हा सगळा उपद्व्याप अकरा हजारांसाठी करताय. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही भरा, पण कागदावर भरा.

सुट्या भागांचंही बघा. बोलेरोचं काहीही नाना पेठेत नाहीतर कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतं, म्हणून ती मला आवडते. टाटा सुमो २०१९ मध्ये बंद झाली, तरी तिचे पार्ट अजून सापडतात. परदेशी बनावटीची जुनी साहेबी सेडान स्वस्तात दिसली तर ती का स्वस्त आहे हे तिचा एक हेडलाइट शोधायला निघालात की कळेल.

सातवं काम: बोली

आकडा कागदावर लिहून कीबोर्डशेजारी ठेवा. ऑनलाइन लिलावात शेवटच्या मिनिटांत कुणी बोली टाकली की वेळ आपोआप वाढतो, आणि ती वाढत वाढत तासभर जाऊ शकते. घरचं ब्रॉडबँड गेलं तर मोबाइलचं इंटरनेट तयार असू द्या. शून्य एक जास्त पडला तर 'चुकून झालं' ऐकून घेत नाहीत, बयाणा जातो.

समोरासमोरच्या लिलावात व्यापाऱ्यांची साखळी असते. एखादा चहा पाजून सांगतो, "दादा, ही गाडी सोडा, पुढच्या वेळी तुम्हाला देतो." नम्रपणे चहा प्यावा आणि बोली लावावी. उलट प्रकारही होतो. नवखा दिसला की त्याला मुद्दाम वर चढवतात. लिहिलेला आकडा आला की वही मिटायची.

आठवं काम: पैसे, विक्रीपत्र, ताबा

उरलेली रक्कम मुदतीत भरा आणि प्रत्येक पावती जपा. ताबा घेताना हातात काय यायला हवं: मूळ आरसी, तुमच्या नावाचं आणि अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याचं विक्री मान्यतेचं पत्र, लिलावाला मंजुरी देणाऱ्या आदेशाची साक्षांकित प्रत, ताबा पावती आणि किल्ल्या. पत्रावर गाडी क्रमांक, चेसी क्रमांक, तुमचं नाव आधारप्रमाणे आहे का, हे तिथे खुर्चीत बसूनच वाचा. एका अक्षराची चूक तिथे पाच मिनिटांत सुधारते. नंतर त्याच सहीसाठी साहेब दौऱ्यावर, मग रजेवर, मग बदलीवर.

गाडी दोरीने टोचन करून नेऊ नका. ब्रेकचा भरवसा नाही आणि विमा नाही. होय, बहुतेक सरकारी गाड्यांना विमा नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्येच केंद्र आणि राज्य सरकारच्या बिगरव्यापारी कामाच्या वाहनांना त्यातून सूट आहे. म्हणजे ती गेटबाहेर पडली की सूट संपली, आणि रस्त्यावर काही झालं तर सगळं तुमच्या अंगावर. सपाट ट्रकवर चढवून गॅरेजला न्या आणि विक्रीपत्र दाखवून थर्ड पार्टी विमा काढा. कंपनी आधी गाडीची तपासणी मागते, म्हणून दोन-चार दिवस धरा.

नववं काम: आरटीओ

नेहमीच्या खरेदी-विक्रीत २९ आणि ३० नंबरचे फॉर्म असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि एजंटही सवयीने तेच पुढे करतो. सार्वजनिक लिलावातल्या गाडीसाठी फॉर्म ३२ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ५७ वा नियम. ताबा घेतल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा आणि सोबत आरसी, विमा, विक्री मान्यतेचं पत्र, लिलावाला परवानगी देणाऱ्या आदेशाची साक्षांकित प्रत. चौथा कागद बहुतेकांकडे नसतो. म्हणूनच वर पाहणीच्या दिवशीच तो मागायला सांगितला.

गाडी एमएच-१२ ची आणि तुम्ही पिंपरी-चिंचवडला राहता, तर संगम पुलाजवळच्या आरटीओतून ना हरकत घेऊन एमएच-१४ च्या कार्यालयात जा. क्रमांक तोच राहतो. सरकारी गाडीला अनेकदा मोटार वाहन कर माफ असतो; खासगी नावावर येताना तो भरावा लागतो. किती, हे बोली लावण्याआधीच गाडीचं वय आणि प्रकार सांगून खिडकीवर विचारून घ्या. नंतर कळलं की माणूस चिडतो आणि चिडून उपयोग नसतो.

माझ्या बाबतीत शेवटी काय झालं? वरिष्ठ कार्यालयाकडून 'अमुक उपविभाग तमुक तारखेपासून आमच्यात समाविष्ट असून त्याच्या मालमत्तेची विल्हेवाट लावण्याचा अधिकार आम्हाला आहे' असं दीड ओळीचं पत्र मिळालं. दीड ओळीसाठी अकरा खेपा. पत्र जोडल्यावर फाइल नवव्या दिवशी हलली.

राहिलेली किरकोळ कामं

१ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर पाटी (एचएसआरपी) बसवावी लागते. ती हस्तांतराआधी बसवायची की नंतर, हे आरटीओच्या खिडकीवर आधीच विचारून घ्या म्हणजे गोंधळ होत नाही. पीयूसी काढा. छतावर दिव्याचा पाया, सायरनची वायर, 'महाराष्ट्र शासन'ची पाटी, विभागाचं बोधचिन्ह, काचेवरचे पास, सगळं काढा, आणि गाडी गॅरेजबाहेर काढायच्या आधी काढा. नुसतं स्टिकर ओढून भागत नाही. माझ्या गाडीच्या दारावरची अक्षरं ब्रशने रंगवलेली होती. वरून पांढरा हात मारला तरी तिरप्या उन्हात ती उमटायची, आणि चांदणी चौकात एका हवालदाराने हात करून विचारलंच, "साहेब कुठले?" दुसऱ्या दिवशी दार पॉलिश पेपरने पत्र्यापर्यंत घासून घेतलं, मग प्रायमर, मग रंग. दोन दारांचं काम, गॅरेजवाल्याने एका दिवसात दिलं.